लंडनच्या वेळेत साडेपाच तास मिळवले आणि मोपा विमानतळावर अकरा माणसं तासभर ताटकळली (डेटावीव्ह, उन्हाळी वेळ)

पेडणेकरीण_पाटोवर
३ एप्रिल २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न डेटावीव्हचा आहे, पण गोष्ट टॅक्सीची आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. कोड क्लायंटचा असल्यामुळे इथे चिकटवत नाही, शब्दांत सांगते.

पणजीतल्या पाटोवरच्या एका छोट्या कंपनीत मी इंटिग्रेशनचं, म्हणजे एका सिस्टीमचा डेटा दुसरीला पोचवायचं काम करते, म्यूल ४ या सॉफ्टवेअरवर. डेटावीव्ह ही त्यातली डेटाचं रूप बदलायची भाषा. ब्रिटनमधली एक सहल कंपनी चार्टरने पाहुणे गोव्यात पाठवते. त्यांच्याकडून रोज रात्री एक जेसन फाइल येते. आमचं मॅपिंग (म्हणजे डेटावीव्हमधला कोड) तिच्यातून विमान उतरायची अंदाजे वेळ उचलतं, ती भारतीय वेळेत नेतं, वर इमिग्रेशन आणि सामानासाठी ४५ मिनिटं धरतं आणि गाड्या सोडणाऱ्या माणसाच्या यादीत टाकतं. तो यादी बघून ड्रायव्हरांना फोन करतो. एवढंच काम.

फाइलमधली वेळ लंडनच्या घड्याळातली असते. सोबत झोन नाही, ऑफसेट (यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेपासूनचं अंतर) नाही, नुसतं ३१/०३/२०२४ ०६:४०. मॅपिंगमध्ये त्याचं लोकल-डेट-टाइम (झोन नसलेली तारीख-वेळ) करून सरळ साडेपाच तास मिळवले होते. हे मी लिहिलेलं नाही. माझ्या आधीच्या मुलाने गेल्या नोव्हेंबरात मॉस्कोच्या चार्टरचं मॅपिंग उघडलं, त्यातले अडीच तास खोडून साडेपाच केले आणि फाइलला नवं नाव दिलं. मॉस्कोचं मॅपिंग कधी चुकलं नाही, कारण रशियाने २०१४ च्या ऑक्टोबरपासून घड्याळ हलवलेलंच नाही. तिथे अडीच म्हणजे बारा महिने अडीच. लंडनचंही सगळा हिवाळा व्यवस्थित चाललं. नोव्हेंबर ते मार्च, एकही तक्रार नाही. मी डिसेंबरात रुजू झाले तेव्हा ते मॅपिंग वाचलंसुद्धा होतं, आणि "साडेपाच, बरोबर" म्हणून पुढे गेले होते. तेव्हा दोष सगळा त्याच्यावर ढकलत नाही.

मग परवाचा रविवार, ३१ मार्च. तिथली उन्हाळी वेळ सुरू झाली, लंडनची घड्याळं रात्री १ वाजता २ वर गेली, आपल्याशी फरक साडेचार तासांचा झाला. विमान लंडनच्या ६:४० ला उतरणार होतं, म्हणजे आपल्याकडे ११:१०. आमच्या यादीत आलं १२:१०, आणि गाडीची वेळ १२:५५. टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर माझाच चुलतभाऊ. त्याचं घर मोपापासून पंधरा मिनिटांवर, तेव्हा तो निवांत अंघोळ करून जेवायला बसला होता. पाहुणे बाराला बाहेर आले. अकरा जण, त्यात दोन म्हातारी माणसं, मार्चअखेरचं ऊन, आणि नावाची पाटी धरून कोणी उभं नाही. आमचे साहेब साळगावचे, ईस्टर असल्यामुळे फोन बंद करून घरच्यांबरोबर. शेवटी पाहुण्यांनी काउंटरवरून तीन टॅक्सी केल्या, त्याचं बिल आम्हाला आलं. चुलतभाऊ मला म्हणाला, "तुझ्या कंप्युटराक सांग, माका जेवणावयल्यान उठयलो तरी चलता, पूण वेळार उठय."

सोमवारी मी दुरुस्ती केली. डॉक्युमेंटेशनमध्ये वाचलं की >> हे चिन्ह वेळ एका झोनमधून दुसऱ्यात नेतं. त्याला झोन असलेली वेळ लागते, म्हणून आलेल्या मजकुराच्या शेवटी 'झेड' (यूटीसीची खूण) चिकटवला, त्याचा डेट-टाइम केला, मग >> 'युरोप/लंडन' आणि त्याच्यापुढे >> 'आशिया/कोलकाता'. मला वाटलं, लंडन लिहिलंय, आता उन्हाळा-हिवाळा त्याचं तो बघेल. उत्तर काय आलं? १२:१०. तोच आकडा! लंडनची ओळ काढून टाकली तरी १२:१०. पुन्हा घातली तरी १२:१०. मधलं उत्तर छापून पाहिलं तर ०७:४० आणि पुढे +०१:००. म्हणजे उन्हाळी वेळ त्याला कळत होती. तरी शेवटी चूक.

वैतागून काल रात्री एक फंक्शन लिहिलं. वर्ष दिलं की मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार काढतं, तारीख मध्ये पडली तर साडेचार मिळवतं, नाहीतर साडेपाच. चालतंय. पण बघून बरं वाटत नाही. चव्वेचाळीस ओळी झाल्या, आणि पुढच्या महिन्यात हेच लोक न्यूयॉर्कहून येणाऱ्यांची फाइल जोडणार आहेत. तिथले रविवार वेगळे.

तर विचारायचं असं: हे फंक्शन ठेवू का फेकू? आणि >> दोनदा लावूनही आकडा हलत का नाही?

मडगावचो_बाबू
४ एप्रिल २०२४, सकाळी ७:१५

बाय, फंक्शन फेक. पण आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, कारण तो कळला की पहिला उरत नाही.

>> हे चिन्ह क्षण बदलत नाही, घड्याळ बदलतं. मडगावच्या मार्केटात तू आणि मी एकाच दुकानासमोर उभे आहोत, तू तुझ्या घड्याळात बघतेस, मी माझ्या. आकडे वेगळे, क्षण एकच. तू मजकुराला 'झेड' लावलास तिथेच क्षण ठरून गेला: यूटीसीचे ६:४०. त्यानंतर लंडनचं घड्याळ दाखव, टोकियोचं दाखव, हवं तर दहा शहरं फिरवून आण, कोलकात्याला आल्यावर १२:१० च होणार. ०७:४० दिसले तेव्हाच थांबायला हवं होतं. विमान लंडनच्या ६:४० ला उतरणार आहे ना? मग लंडनच्या घड्याळात ७:४० कुठून आले?

तुझ्याकडे आलेला आकडा क्षण नाहीच, भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो आहे. फोटोवर आधी "हे घड्याळ लंडनचं" अशी चिठ्ठी लावायची. ते काम >> चं नाही, ++ चं. मजकुराचा लोकल-डेट-टाइम कर (फॉर्मॅट दे, दिवस आधी, महिना नंतर, २४ तासांचं घड्याळ), 'युरोप/लंडन' या नावाचा टाइम-झोन कर, आणि दोन्ही ++ ने जोड. आकडे ६:४० च राहतात, त्यांना झोन मिळतो, आणि त्या तारखेला लंडनमध्ये +१ चालू आहे की शून्य हे नियमांच्या कोष्टकातून ठरतं. इथे क्षण तयार झाला. आता >> 'आशिया/कोलकाता'. ११:१० येतील. चिठ्ठी एकदा, घड्याळ एकदा. दोन ओळी.

न्यूयॉर्कची फाइल आली की फक्त नाव बदलायचं. तिथे २००७ पासून मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला, म्हणजे वर्षातले काही आठवडे लंडन हललेलं नसतं आणि न्यूयॉर्क हललेलं असतं. हे चव्वेचाळीस ओळींत भरत बसलीस तर गुढीपाडवा ऑफिसातच होईल.

आणखी एक. झोनचं नाव म्हणून 'जीएमटी' लिहू नकोस. ग्रिनिच लंडनात आहे म्हणून लोक लिहितात, आणि मग विचारतात उन्हाळ्यात का चुकलं. जीएमटी बारा महिने शून्यच, उन्हाळ्यात हलतं ते 'युरोप/लंडन'. 'बीएसटी' तर मुळीच नको. डेटावीव्ह ज्याच्यावर चालतं त्या जावाच्या जुन्या लघुनामांच्या यादीत बीएसटी म्हणजे ढाका! ब्रिटिश समर टाइम समजून लिहायचं आणि पाहुणे बांगलादेशच्या वेळेने उतरवायचे. आपल्या आयएसटीचीही तीच गत. ती अक्षरं इस्रायलची आणि आयर्लंडचीही आहेत. हरमलच्या एका गेस्टहाउसवाल्याचं बुकिंग मी पाहिलंय, त्यात आयएसटी लिहिलेलं होतं तेल अवीवच्या माणसाने.

शेवटच्या रविवारचा नियमही कायमचा धरू नकोस. ब्रिटनने १९६८ ते १९७१ घड्याळ मागे घेतलंच नव्हतं, सलग तीन हिवाळे एक तास पुढे. युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये ही भानगड बंद करायच्या बाजूने मत दिलं, ते अजून लटकलंय. उद्या त्यांनी ठरवलं तर कोष्टक बदलेल, तुझ्या दोन ओळी तशाच राहतील.

एक्सएसएलटी_अजून_जिवंत
४ एप्रिल २०२४, सकाळी ११:३०

डेटावीव्हवाल्यांनो, तुम्हाला निदान झोनची नावं लावता येतात. आमच्या एक्सएसएलटीमध्ये (एक्सएमएल फाइलींचं रूप बदलायची भाषा) वेळ दुसऱ्या झोनमध्ये नेणारं फंक्शन नाव घेतच नाही, फक्त अंतर घेतं, उणे चौदा तास ते अधिक चौदा तास. उन्हाळा चालू आहे का हे तुम्ही त्याला सांगायचं. जेसनसाठीची जेसोनाटा ही भाषाही तशीच, वेळ छापताना +०५३० असा ठोकळा देता येतो, 'युरोप/लंडन' नाही. म्हणून आम्ही ते काम ट्रान्सफॉर्मेशनच्या आधीच जावामध्ये उरकतो आणि एक्सएसएलटीकडे यूटीसीच पाठवतो.

मला एक शंका. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात उतरायची वेळ उतरण्याच्या गावच्या घड्याळात असते. फाइलमधली वेळ खरंच लंडनची आहे हे कोणी विचारून घेतलंय? नाहीतर हिवाळ्यात बरोबर येणं हा निव्वळ योगायोग निघायचा.

पेडणेकरीण_पाटोवर
४ एप्रिल २०२४, दुपारी १:०५

योगायोग नाही, पण शंका रास्त आहे. विमान कंपनीची वेळ आमच्यापर्यंत येतच नाही. सहल कंपनीची स्वतःची सिस्टीम निघण्याच्या वेळेत उड्डाणाचे तास मिळवते आणि सगळं लंडनच्या घड्याळात ठेवते. मी आज मेलवर लेखी विचारून घेतलं. उत्तर एका ओळीचं आलं: सगळ्या वेळा यूकेच्या. "यूकेच्या" म्हणजे जीएमटी की उन्हाळ्यासकट, असं पुन्हा विचारलं, तेव्हा कळलं उन्हाळ्यासकट.

त्यांनी एक प्रस्तावही दिला, की पुढच्या फाइलपासून वेळेला +०१:०० जोडून पाठवतो. मी हो म्हणणार होते. म्हणू ना?

रात्रपाळी_पर्वरी
४ एप्रिल २०२४, रात्री ११:५०

ताई, हो म्हणा, पण जोडणारा कोण ते बघा. +०१:०० त्यांच्या सिस्टीमने तारखेप्रमाणे काढलेलं असेल तर क्षण पक्का झाला, चिठ्ठीची गरज नाही, सरळ >> कोलकाता. कोणी हाताने कॉन्फिगमध्ये लिहिलेलं असेल तर ऑक्टोबरात तुमच्या चुलतभावाला पुन्हा फोन.

आणि +०१:०० हा झोन नव्हे. आज लंडनचा, हिवाळ्यात बर्लिनचा, बारा महिने लागोसचा. त्याच्यावरून पुढची गणितं करू नका. समजा २६ ऑक्टोबरची वेळ +०१:०० सकट आली आणि तुम्ही एक दिवस मिळवून परतीच्या गाडीची २७ तारखेची वेळ काढलीत. नुसत्या ऑफसेटला त्या रात्री घड्याळ मागे आलं हे ठाऊक नसतं, तो दुसऱ्या दिवशीही +०१:०० च धरून बसतो. झोनचं नाव बरोबर असेल तर जावाचं कॅलेंडर एक दिवस मिळवताना भिंतीवरचा आकडा तोच ठेवतं, आणि २४ तास मिळवताना खरे २४ तास मोजतं. त्या रात्री या दोन उत्तरांत तासाचा फरक पडतो. तुम्हाला यातलं काय हवं ते आधी ठरवा. "उद्या याच वेळी" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दिवस हवा असतो, तास नाही.

मी सर्व्हर सांभाळतो, म्हणून माझ्या दुखण्याची गोष्ट सांगतो. बाबू म्हणतात ते नियमांचं कोष्टक जावाच्या आत असतं. जावा जुनं तर कोष्टक जुनं. यंदा १ मार्चला कझाकस्तानाने सगळा देश एका वेळेवर आणला, +५. अल्माटी आधी +६ होतं. त्याची नोंद कोष्टकाच्या २०२४ए या आवृत्तीत आली, फेब्रुवारीत. आमच्या एका क्लायंटच्या मशीनवर दोन वर्षांपूर्वीचं जावा. मॅपिंगमध्ये 'आशिया/अल्माटी' अगदी नियमाप्रमाणे लिहिलेलं, तरी मार्चभर प्रत्येक वेळ तासभर आधीची निघत होती. मी तीन दिवस मॅपिंग उलटंपालटं केलं. मॅपिंग निर्दोष होतं. कोष्टक बदललं, सर्व्हर बंद करून चालू केला, झालं. तेव्हा मॅपिंगला हात लावायच्या आधी त्या मशीनवर जावाची कोणती आवृत्ती आहे ते बघा. क्लाउडवर असाल तर रनटाइम कधी अपडेट झाला ते बघा.

हे कोष्टक आपल्या भागासाठीही जपून वापरावं लागतं, हे जाता जाता. 'आशिया/कोलकाता'मध्ये १९४२ च्या सप्टेंबरपासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत साडेसहा तास आहेत, युद्धामुळे ब्रिटिशांनी घड्याळ पुढे केलं होतं. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. आमच्या पुराभिलेखवाल्या मित्राने १९४३ च्या पणजीच्या नोंदी बिनधास्त कोलकाता लावून यूटीसीत नेल्या होत्या.

मडगावचो_बाबू
५ एप्रिल २०२४, सकाळी ७:०५

पुराभिलेखाचं ऐकून सकाळी सकाळी चहा सांडला. बाय, जाण्याआधी दोन वेळा नक्की तपास: ३१ मार्चची १:३० आणि २७ ऑक्टोबरची १:३०. एक घडतच नाही, दुसरी दोनदा घडते. आणि तुझ्या आवृत्तीवर स्वतः चालवून बघ, माझ्यावर विसंबू नकोस.

पेडणेकरीण_पाटोवर
६ एप्रिल २०२४, संध्याकाळी ६:२०

चालवलं. फंक्शन उडवलं, चव्वेचाळीसच्या जागी दोन ओळी आल्या. ३१ मार्चची ती फाइल पुन्हा घातली, ११:१० आले, गाडी ११:५५. चुलतभावाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

मग बाबूंच्या दोन वेळा, आजूबाजूच्यांसकट.

३१ मार्च, लंडन ००:३०: इथे सकाळचे ६:००. लंडन ०२:३०: इथे ७:००. भिंतीवर दोन तास गेले, खरा एकच. ही ओळ मी साहेबांना दाखवली, त्यांना ईस्टरची भानगड पहिल्यांदा कळली.

३१ मार्च, लंडन ०१:३०, जी वेळ लंडनमध्ये कुणीच पाहिली नाही: मला वाटलं एरर येईल. नाही आली. त्याने गुपचूप एक तास पुढे ढकलून ०२:३० धरले आणि इथले ७:०० दिले. हे मला आवडलं नाही. अशी वेळ फाइलमध्ये आली याचा अर्थ समोरच्याने ती जीएमटीत मोजली किंवा भलतंच काही केलं. जीएमटीत मोजली असेल तर ७:०० बरोबर ठरतं, पण तेही नशिबाने. म्हणून मी एक तपासणी घातली: झोन लावल्यावर परत लोकल-डेट-टाइम काढायचा आणि मूळ आकड्याशी ताडून बघायचा. जुळला नाही तर ती नोंद यादीत न टाकता मला मेल. वर्षातून एका रात्रीच्या एका तासासाठी एक ओळ, पण असू दे.

२७ ऑक्टोबर, लंडन ०१:३०: त्याने पहिली वेळ धरली, उन्हाळी. इथले ६:००. दुसरी धरली असती तर ७:००. यावर आमच्याकडे चहाच्या टेबलावर बराच वाद झाला. मोसमातली पहिली चार्टर ऑक्टोबरअखेरीसच सुरू होतात आणि इथे पहाटे-सकाळी उतरणारी विमानं असतातच, म्हणजे ही वेळ खरंच येऊ शकते. आमच्या गाड्या सोडणाऱ्या माणसाने वाद मिटवला. तो म्हणाला, ड्रायव्हर एक तास आधी गेला तर कँटीनमध्ये चहा-भजी खाईल, गाडी एक तास उशिरा गेली तर बिल आपल्याला येईल. ६:०० ठेवले.

पण इथे वर केलेली तपासणी काही पकडत नाही, कारण आकडा जुळतोच. तेव्हा त्या रात्रीपुरता तरी ऑफसेट हवाच, म्हणून +०१:०० च्या प्रस्तावाला हो म्हटलं आणि रात्रपाळीने सांगितलेला प्रश्न विचारला: जोडणार कोण, सिस्टीम की माणूस?

मेल शुक्रवारी दुपारी गेली. आज शनिवार, तिकडे सुट्टी. देव बरें करूं सगळ्यांचें, उत्तर आलं की कळवते.

मोपा_पिकअप
६ एप्रिल २०२४, रात्री ९:४५

मी प्रोग्रामर नाही, गाडी चालवतो, शेजारच्या मुलाने हा धागा दाखवला. कँटीनमधली भजी आम्हांला आमच्या खिशातून घ्यावी लागतात. तो तास धरणार असाल तर वेटिंगही धरा.